छिन्नमनस्कतेवरील औषधाचा शोध आणि प्रयोगशाळेतील उंदीर

एखाद्या नव्या औषधाच्या शोधाची वार्ता वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होते, तेव्हा तिच्या अखेरीस ‘हे प्रयोग तूर्त उंदरांवर करण्यात आले आहेत’ अशा आशयाचे एक वाक्य बहुधा असते. ज्या घरात त्या रोगाचा रुग्ण असतो, त्या घरात हे वाक्य वाचले जात नाही. वाचले गेले तरी मनात टिकत नाही. क्षय किंवा मधुमेह यांच्या बाबतीत त्यामुळे फारसे बिघडत नाही, कारण क्षयाचे जंतू उंदराच्या फुप्फुसातही वाढतात आणि उंदराच्या रक्तातील साखरही मोजता येते. परंतु ज्या रोगात नसलेले आवाज कानी पडतात, शेजारीपाजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत अशी खात्री वाटू लागते, विचारांची साखळी मध्येच तुटते, त्या रोगाची परीक्षा उंदरावर कशी व्हावी? ‘तुला आवाज ऐकू येतात काय,’ असे उंदराला विचारता येत नाही. असे असूनही छिन्नमनस्कतेवरील, म्हणजेच स्किझोफ्रेनियावरील, औषधांचा अभ्यास गेली सत्तर वर्षे उंदरांवर होत आला आहे. मेंदूतच तयार होणाऱ्या प्रेग्नेनोलोन नावाच्या एका स्टेरॉइडची जी तपासणी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात झाली, तिच्या आधारे ही पद्धत कशी चालते, तिच्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

रोगाचे स्वरूप

या रोगाचे वेगळेपण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी नोंदवले. ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव १९०८ साली स्वित्झर्लंडमधील ऑयगेन ब्लॉयलर यांनी सुचवले. एका देहात दोन माणसे वावरतात, असा या नावाचा अर्थ पुष्कळदा करण्यात येतो, तो चुकीचा होय. विचार, भावना आणि कृती यांचा परस्परांशी असलेला मेळ तुटणे, असा ब्लॉयलर यांचा अभिप्राय होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील दर तीनशे व्यक्तींमागे सुमारे एका व्यक्तीस हा रोग असतो. एकूण संख्या दोन कोटींहून अधिक भरते. शिक्षण संपत आलेले असते, नोकरी-धंद्याची किंवा लग्नाची बोलणी चाललेली असतात, अशा ऐन तारुण्यात तो बहुधा डोके वर काढतो.

रोगाची लक्षणे तीन प्रकारची असतात. भास, संशय, असंबद्ध बोलणे ही पहिल्या प्रकारची लक्षणे चटकन डोळ्यांत भरतात आणि त्यांच्यामुळेच रुग्णाला दवाखान्यात नेले जाते. दुसरा प्रकार उणिवेचा आहे : बोलणे आटते, कशात रस राहत नाही, मनुष्य तासन् तास एका जागी बसून राहतो, स्नान व कपडे यांचीही आठवण करून द्यावी लागते. तिसऱ्या प्रकारात लक्ष, स्मृती व नियोजन यांची शक्ती क्षीण होते. सांगितलेली तीन कामे क्रमाने करणे अवघड होऊन बसते. प्रचलित औषधे पहिल्या प्रकारच्या लक्षणांवर चांगली चालतात. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांवर त्यांचा प्रभाव अल्प आहे, आणि रुग्ण पुन्हा कामाला लागेल की नाही हे मुख्यतः याच दोन प्रकारांवर अवलंबून असते. ‘गोळ्यांनी शांत झाला, पण पहिल्यासारखा झाला नाही,’ असे घरची माणसे सांगतात त्याचे कारण हेच. नव्या औषधाचा शोध ज्यासाठी चालू आहे, ती उणीव ही होय.

दोरावर चढणारे उंदीर

या रोगावरील पहिले परिणामकारक आधुनिक औषध क्लोरप्रोमाझीन. फ्रान्समधील रोन-पूलँक या कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉल शार्पांतिए यांनी ते डिसेंबर १९५० मध्ये तयार केले. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णास ते दिले असता तो विलक्षण शांत व अलिप्त होतो, असे आँरी लाबोरी या शल्यचिकित्सकाच्या ध्यानात आले. पुढे १९५२ साली पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात झाँ दले व पिएर दनिकेर यांनी मनोरुग्णांवर त्याचा उपयोग सिद्ध केला. याच सुमारास त्या कंपनीतील सिमोन कुर्व्हाझिए यांनी उंदरांवर एक प्रयोग केला होता. घंटा वाजली की पायाखालच्या जाळीतून विजेचा हलका झटका बसतो, हे उंदरांना शिकवण्यात आले होते. काही दिवसांच्या सवयीनंतर घंटा वाजताच उंदीर टांगलेल्या दोरावर चढून झटका चुकवीत. क्लोरप्रोमाझीन दिल्यावर मात्र ते घंटेकडे दुर्लक्ष करू लागले. त्यांचे हातपाय लुळे पडले नव्हते. प्रत्यक्ष झटका बसताच ते दोरावर चढत. धोक्याची सूचना त्यांना पूर्वीइतकी महत्त्वाची वाटेनाशी झाली होती, एवढेच.

हा प्रयोग पुढे अनेक दशके औषध निवडण्याची कसोटी बनला. यातील अडचण लक्षात घेण्यासारखी आहे. कसोटी रोगावरून तयार झाली नव्हती, हाती आलेल्या औषधावरून तयार झाली होती. साहजिकच त्या कसोटीस उतरणारी औषधे पहिल्या औषधाच्या जातकुळीचीच निघाली. जुन्या किल्लीच्या मापाने कुलपे पारखीत बसले, तर नवे कुलूप उघडणार कसे?

या पद्धतीतून एक उत्तम औषध जवळजवळ निसटलेच होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेले क्लोझापीन उंदरांना दिले असता त्यांचे शरीर ताठरत नसे. त्या काळी औषधाने प्राण्याचे शरीर ताठरणे हे त्याच्या गुणकारीपणाचे गमक समजले जाई. त्यामुळे क्लोझापीनकडे साशंकतेने पाहिले गेले. १९७५ साली फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील श्वेतपेशी घटून मृत्यू ओढवले, आणि अनेक देशांत त्याचा वापर थांबला. परंतु अन्य औषधांना दाद न देणारे रुग्ण त्याने सुधारतात, हे १९८८ साली अमेरिकेतील जॉन केन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचणीद्वारे दाखवून दिले. नियमित रक्ततपासणीच्या अटीवर ते पुन्हा वापरात आले.

सर्पगंधेचा धागा

प्राण्यांवरील प्रयोगांतून काहीच हाती लागत नाही, असा अर्थ यावरून काढणे मात्र अन्यायाचे होईल. या क्षेत्रातील एका मूलभूत शोधाचा धागा आपल्याकडील सर्पगंधा या वनस्पतीपर्यंत पोचतो. उन्माद व रक्तदाब यांवर सर्पगंधेचा उपयोग होतो, अशी नोंद गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली केली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केल्यावर जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि काही काळ ते छिन्नमनस्कतेवरही दिले जात असे.

स्वीडनमधील आर्व्हिद कार्लसन यांनी हेच रेसर्पीन सशांना दिले. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांनी मेंदूत गेल्यावर डोपामीन ज्यापासून बनते असे एल-डोपा हे द्रव्य टोचले, आणि ससे थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. १९५७ सालच्या या प्रयोगाने डोपामीन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक रसायन असल्याचे दाखवण्याच्या मार्गावर मोठे पाऊल पडले. १९६३ साली कार्लसन व मार्गिट लिंडक्विस्ट यांनी क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे डोपामीनच्या कार्यास अडथळा करतात, अशी मांडणी केली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. औषध रुग्णशय्येपाशी सापडले आणि ते का चालते याचे उत्तर प्राण्यांनी दिले, असा या क्षेत्राचा अनुभव आहे. उलट क्रमाने यश आल्याची उदाहरणे थोडी आहेत.

मेंदूची स्वतःची स्टेरॉइडे

‘स्टेरॉइड’ म्हटले की सूज उतरवणारी औषधे किंवा खेळाडूंनी घेतलेली निषिद्ध द्रव्ये आठवतात. वास्तविक स्टेरॉइड हे रेणूंच्या एका मोठ्या कुळाचे नाव आहे. कोलेस्टेरॉलपासून शरीर ही द्रव्ये बनवते. स्त्री व पुरुष संप्रेरके याच कुळातली. ती मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी आणि जननग्रंथी यांत तयार होऊन रक्तावाटे मेंदूपर्यंत जातात, असे पूर्वी मानले जाई. १९८१ साली फ्रान्समधील एतिएन-एमिल बोलिय व त्यांच्या सहकाऱ्यांनी नराच्या जातीच्या उंदरांच्या या दोन्ही ग्रंथी काढून टाकल्या आणि नंतर मेंदू तपासला. अपेक्षेप्रमाणे स्टेरॉइड नाहीसे व्हावयास हवे होते. ते मेंदूत टिकून होते. मेंदू ही द्रव्ये स्वतःच तयार करतो, असा याचा अर्थ लावण्यात आला, आणि बोलिय यांनी त्यांना ‘न्यूरोस्टेरॉइड’ हे नाव दिले.

या कुळातील आद्य द्रव्य प्रेग्नेनोलोन. पेशीतील तंतुकणिकांत कोलेस्टेरॉलचा रेणू छाटला जाऊन ते बनते आणि त्यापासून पुढे इतर स्टेरॉइडे तयार होतात. एखाद्या मुख्य कालव्यातून पाट फुटावेत तसे हे आहे. एका पाटाने प्रोजेस्टेरोनमार्गे ॲलोप्रेग्नॅनोलोन बनते. मज्जापेशींची उत्तेजना आवरणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव हे द्रव्य वाढवते. दुसऱ्या पाटाने प्रेग्नेनोलोन सल्फेट बनते. शिकणे व स्मरण यांच्याशी निगडित असलेल्या ‘एनएमडीए’ नामक ग्राहींचे कार्य ते वाढवते, असे १९९१ साली आढळून आले. हे ग्राही बंद पाडणारी केटामीनसारखी द्रव्ये निरोगी माणसातही छिन्नमनस्कतेसारखी लक्षणे तात्पुरती उत्पन्न करतात. यावरून प्रेग्नेनोलोनकडे संशोधकांचे लक्ष का गेले असावे, याची कल्पना येते.

प्रत्यक्ष दुवा जुन्या औषधांकडूनच मिळाला. क्लोझापीन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत प्रेग्नेनोलोनचे प्रमाण वाढते, असे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या क्रिस्टीन मार्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांना २००६ च्या सुमारास आढळले. मृत रुग्णांच्या मेंदूंच्या तपासणीतही काही भागांत या द्रव्याचे प्रमाण बदललेले दिसले. सर्वांत गुणकारी औषध जर आपले काही काम या द्रव्याकरवी करीत असेल, तर ते द्रव्यच का देऊ नये, असा प्रश्न उभा राहिला.

एक जनुक कमी असलेला उंदीर

यासाठी जो उंदीर निवडण्यात आला त्याची हकिकत अशी. मज्जापेशी डोपामीन सोडते आणि काम झाल्यावर एका वाहक प्रथिनाच्या साहाय्याने ते परत आत ओढून घेते. १९९६ साली ड्यूक विद्यापीठातील मार्क कॅरन यांच्या प्रयोगशाळेतून या वाहकाचे जनुक निकामी केलेले उंदीर तयार झाल्याचे प्रसिद्ध झाले. शेतात सोडलेल्या पाण्याचा निचरा बंद व्हावा तशी त्यांच्या मेंदूची अवस्था होते. पेशींबाहेर आलेले डोपामीन नेहमीपेक्षा निदान शंभरपट अधिक काळ तेथेच राहते. असा उंदीर पिंजऱ्यात अविरत धावतो, तीच ती हालचाल पुनःपुन्हा करतो आणि नव्या गोष्टी शिकण्यात मागे पडतो.

प्रेग्नेनोलोनचा या उंदरांवरील प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील कसोट्या समजून घेण्याजोग्या आहेत; कारण ‘उंदराची छिन्नमनस्कता’ म्हणून जे मोजले जाते ते नेमके काय, हे त्यांवरून कळते.

पहिली कसोटी केवळ हालचालीची. पिंजऱ्याच्या भिंतींतून आरपार जाणारे प्रकाशकिरण उंदीर किती वेळा तोडतो, याची यंत्राने मोजणी होते.

दुसरी कसोटी दचकण्याची. अचानक मोठा आवाज झाला की उंदीर दचकतो. तो किती जोराने दचकला हे त्याच्या पायाखालचे संवेदनशील यंत्र नोंदवते. परंतु त्या आवाजापूर्वी सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी अवधी असताना एक बारीक आवाज केला, तर दचकणे कमी होते. मेंदू बारीक आवाजाची दखल घेण्यात गुंतलेला असतो आणि तेवढ्यापुरते मोठ्या आवाजाचे दार अर्धवट लोटले जाते. ही क्रिया आपोआप घडते, तिच्यात विचाराचा संबंध नाही. माणसातही ती घडते. तेथे पापणीच्या लवण्यावरून ती मोजतात. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांत ही गाळणी नीट काम करीत नाही, असे १९७८ साली डेव्हिड ब्राफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते. एकच मोजमाप माणूस व उंदीर या दोघांतही घेता येते, म्हणून या कसोटीला संशोधनात मोठा मान आहे, आणि तो रास्त म्हणावा लागेल.

उरलेल्या दोन कसोट्या स्मृतीच्या. उंदरासमोर दोन वस्तू ठेवतात आणि काही काळाने त्यांतील एक बदलतात. जुनी वस्तू स्मरणात असेल तर उंदीर नव्या वस्तूजवळ अधिक वेळ घुटमळतो. दुसरी कसोटी अधिक रंजक आहे. एका उंदराला विशिष्ट वासाचे अन्न खाऊ घालून त्याच्या सोबत्यांजवळ सोडतात. सोबती त्याचे तोंड हुंगतात. नंतर दोन प्रकारचे अन्न पुढे ठेवले असता, सोबत्याने खाल्लेल्या वासाचे अन्न ते पसंत करतात. एकाने खाऊन पचवलेले अन्न आपल्यालाही धोक्याचे नाही, हा त्यामागील प्राणिजगतातील व्यवहार. यासाठी सोबत्याकडे लक्ष देणे आणि ते लक्षात ठेवणे, दोन्ही आवश्यक असते.

निष्कर्ष असे निघाले. शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे ६० मिलिग्रॅम या प्रमाणात प्रेग्नेनोलोनची एक मात्रा दिल्यावर जनुक निकामी असलेल्या उंदरांची धावपळ व पुनरावृत्ती सामान्य उंदरांइतकी खाली आली. दचकण्याच्या कसोटीतील दोष पूर्णपणे दूर झाला. मात्रा कमी तसा परिणामही कमी, असे दिसले. स्मृतीच्या दोन्ही कसोट्यांत सुधारणा होण्यासाठी मात्र औषध काही काळ सातत्याने द्यावे लागले. सामान्य औषधे जेथे अपुरी पडतात त्या स्मृतीच्या प्रांतात सुधारणा दिसली, हा यातील आशेचा भाग होता.

मात्रेसंबंधी येथे थोडा खुलासा हवा. साठ किलोग्रॅम वजनाच्या माणसास याच हिशेबाने ३,६०० मिलिग्रॅम औषध लागेल, असे वाटण्याचा संभव आहे. तसे होत नाही. लहान प्राण्याचे शरीर औषध लवकर वापरून संपवते. म्हणून लहान उंदरावरून माणसाची मात्रा काढताना दर किलोग्रॅमच्या आकड्यास सुमारे बाराने भागण्याचा प्रघात आहे. त्यानुसार ही मात्रा दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास येते.

उंदीर काय सांगू शकत नाही

वरील निष्कर्ष स्वच्छ आहेत, तरी त्यांना वेसण घालणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. हाच उंदीर १९९९ साली एका वेगळ्या रोगाचा नमुना म्हणून पुढे आला होता : मुलांमधील अतिचंचलता व अवधानदोष. एकच प्राणी दोन भिन्न रोगांचा प्रतिनिधी ठरत असेल, तर तो त्यांपैकी कोणाचाही पुरा प्रतिनिधी नव्हे, असे म्हणणे प्राप्त आहे. त्याच्या मेंदूत एक जनुक जन्मापासून निकामी असते. माणसातील रोगात अनेक जनुकांचा प्रत्येकी अल्प वाटा असतो, आणि वाढीचा काळ, ताण, परिस्थिती यांचीही त्यात भर पडते. शिवाय हा उंदीर पुन्हा डोपामीनच्याच कल्पनेवर उभा आहे. म्हणजे जुन्या किल्लीचे माप येथेही पूर्णपणे सुटलेले नाही.

याहून बुचकळ्यात टाकणारी बाब दुसऱ्या प्रयोगांतून पुढे आली. मार्को बोर्तोलातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली फिनास्टेराइड हे औषध उंदरांवर वापरले. हे औषध ॲलोप्रेग्नॅनोलोनसारखी स्टेरॉइडे तयार होण्याची वाट अडवते. कालव्याचा एक पाट बंद केला, तर उंदरांची स्थिती बिघडावयास हवी होती. प्रत्यक्षात दचकण्याच्या कसोटीत ते सुधारले. स्टेरॉइड दिल्यानेही गुण आणि त्याची एक वाट बंद केल्यानेही गुण, असा हा पेच आहे. कोणत्या पाटाला किती पाणी जाते आणि मेंदूच्या कोणत्या भागात जाते, यावर सारे अवलंबून असावे. २०१४ साली फ्रान्समध्ये झालेल्या आणखी एका प्रयोगात, गांजातील मादक द्रव्य दिल्यावर उंदराच्या मेंदूत प्रेग्नेनोलोन मोठ्या प्रमाणावर वाढते आणि त्या द्रव्याच्या नशेला तेच आवर घालते, असे दिसले. म्हणजे या एका रेणूची कामे एकाहून अनेक आहेत.

माणसांवरील चाचण्या

प्रथम प्राणी आणि मग माणूस हा क्रम येथे काटेकोरपणे पाळला गेला नव्हता, हे नमूद केले पाहिजे. प्रेग्नेनोलोन १९४० च्या दशकातच माणसांना देऊन झाले होते. ग्रेगरी पिंकस व हडसन होगलँड यांनी वैमानिक व कारखान्यांतील कामगार यांचा थकवा कमी होतो काय, हे त्या काळी तपासले होते, आणि संधिवातावरही ते वापरून पाहण्यात आले होते. यामुळे मार्क्स यांच्या चमूला २००९ सालीच एक लहान चाचणी प्रसिद्ध करता आली. त्यात आठ आठवडे रुग्णांचे नेहमीचे औषध चालू ठेवून काहींना प्रेग्नेनोलोन जास्तीत जास्त ५०० मिलिग्रॅमपर्यंत, तर काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. कोणास काय मिळाले हे रुग्णासही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यासही नव्हते. चाचणी पूर्ण करणारे रुग्ण अवघे १८ होते. उणिवेची लक्षणे प्रेग्नेनोलोन घेणाऱ्यांत अधिक सुधारली.

अठरा रुग्णांवरून निर्णय होत नसतो. म्हणून सिंगापूर येथे १२० रुग्णांची मोठी चाचणी योजण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. स्मृती व लक्ष यांच्या मापनात तसेच उणिवेच्या लक्षणांत, म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी चाचणी मुख्यत्वे होती त्यांत, प्रेग्नेनोलोन व नुसती गोळी यांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. तिसऱ्या एका मापनात मात्र फरक दिसला. दैनंदिन व्यवहार करण्याची क्षमता, उदाहरणार्थ पैशांचा हिशेब करणे किंवा दूरध्वनीवरून काम उरकणे, ही प्रेग्नेनोलोन घेणाऱ्यांत अधिक सुधारली. रुग्णाच्या कुटुंबाच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. परंतु चाचणीत अनेक मापे घेतली म्हणजे त्यांतील एखादे योगायोगानेही अनुकूल येऊ शकते. म्हणून ज्या मापासाठी चाचणी आखली होती त्याचाच निर्णय ग्राह्य धरण्याचा शास्त्रीय दंडक आहे. उंदरांनी दिलेले वचन माणसांत पूर्णपणे उतरले नाही, असेच यावरून म्हणावे लागते.

असे घडणारे हे एकटेच औषध नव्हे. ग्लुटामेट या रसायनावर काम करणारे पोमाग्लुमेटॅड हे औषध प्राण्यांत आणि २००७ सालच्या पहिल्या मोठ्या चाचणीतही आश्वासक ठरले होते. पुढील चाचण्यांत ते टिकले नाही व २०१२ साली त्याचे काम थांबवण्यात आले. उंदरांच्या वर्तनाचे यंत्राद्वारे निरीक्षण करून निवडलेले युलोटारॉन्ट २०२३ साली अंतिम चाचण्यांत नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरू शकले नाही. याउलट डोपामीनच्या ग्राहींना थेट न अडवणारे झॅनोमेलीन हे औषध ट्रॉस्पियम या दुसऱ्या औषधाच्या जोडीने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याचा पहिला सुगावा लागला तो स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत : १९९० च्या दशकातील एका चाचणीत त्यांचे भास व संशय कमी झालेले आढळले होते. पुन्हा एकदा रुग्णशय्येपाशीच!

न्यूरोस्टेरॉइडांची वाट त्यामुळे बंद झाली, असे मात्र नव्हे. याच कुळातील ॲलोप्रेग्नॅनोलोनपासून बनवलेले ब्रेक्सॅनोलोन हे औषध बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर २०१९ साली अमेरिकेत मान्य झाले, आणि त्याच धर्तीचे पण तोंडाने घेता येणारे झुरॅनोलोन २०२३ साली. एका रोगावर न चाललेले द्रव्य दुसऱ्यावर चालते, आणि तेही त्याच्या कार्याचा मार्ग प्राण्यांत आधी नीट समजला असल्यामुळे.

भारतात प्राण्यांवर असे प्रयोग करावयाचे झाल्यास १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम आणि त्याखालील १९९८ चे नियम लागू होतात. प्रत्येक संस्थेत नीतिविषयक समिती असावी लागते, आणि कमीत कमी प्राण्यांत काम भागते काय, वेदना टाळता येते काय, याची छाननी त्या समितीने करावयाची असते. माणसांवरील चाचण्यांसाठी २०१९ चे नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम आहेत. त्यांनुसार रुग्णाची लेखी संमती बंधनकारक असून चाचणीची आगाऊ नोंदणी करावी लागते. छिन्नमनस्कतेच्या रुग्णाची संमती हा नाजूक विषय आहे. रोग बळावलेला असताना त्याला अर्थबोध होतो किंवा नाही, हे आधी ठरवावे लागते.

अमेरिकेत प्रेग्नेनोलोन पूरक आहार म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकले जाते, आणि परदेशातून कोणीतरी आणून दिलेल्या बाटलीच्या रूपाने ते आपल्याकडील घरातही येऊ शकते. छिन्नमनस्कतेवरील उपचार म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिलेली नाही. वर उल्लेखिलेल्या दोन्ही चाचण्यांत रुग्णांचे नेहमीचे औषध एक दिवसही बंद करण्यात आले नव्हते, ही गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकांना आवर्जून सांगितली पाहिजे. चालू औषध अचानक सोडल्याने रोग उलटण्याची भीती मोठी असते. ग्रामपंचायतीच्या सदस्यांकडे किंवा शिक्षकांकडे असे कुटुंब सल्ल्यासाठी आल्यास त्यास जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाकडे, अथवा ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांकडे पाठवता येते. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू झालेली असून तीवर मराठीतूनही बोलता येते. रुग्णास साखळीने बांधून ठेवणे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमान्वये निषिद्ध आहे.